सोलर स्लॅब : वाळवंटातील मध्यम श्रेणीच्या चढाईची पूर्वतयारी

प्रस्तरारोहणात स्लॅब म्हणजे उभ्या कड्याच्या मानाने मागे झुकलेला, बऱ्याच अंशी सलग असा कातळ. त्यावर शरीर हातांनी वर ओढून घ्यावे लागत नाही, तर भार पायांवर तोलत वर सरकावे लागते. अमेरिकेतील नेवाडा राज्यात, लास वेगासच्या पश्चिमेस सुमारे २७ किलोमीटरवर, रेड रॉक कॅन्यन हा संरक्षित प्रदेश आहे. त्यातील ओक क्रीक नावाच्या दरीच्या उत्तर अंगाला, रेनबो माउंटनच्या दक्षिणाभिमुख उतारावर, सोलर स्लॅब हा या प्रकारचा बहुपरिचित मार्ग आहे. सत्तरच्या दशकात या परिसरात अनेक लांब मार्ग खुले करणाऱ्या जो हर्ब्स्टने आपल्या साथीदारांसह १९७५ साली तो प्रथम चढला. मार्गाची लांबी साधारण साडेचारशे मीटर असून ती नऊ पिचांत विभागलेली आहे. पिच म्हणजे दोर ताणून पुढे जाणारा आरोहक एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंत जेवढी चढाई करतो तेवढा टप्पा.

या मार्गाला ५.६ ही श्रेणी दिली जाते आणि तिचा अर्थ नीट समजून घेणे हीच पूर्वतयारीची पहिली पायरी होय. अमेरिकेत प्रचलित असलेल्या योसेमिटी दशांश पद्धतीत पहिला ५ हा अंक एवढेच सांगतो की पडल्यास जिवावर बेतेल अशी ही चढाई असून तिला दोर लागतो. पुढचा आकडा चढाईतील कठीणपणा दाखवतो आणि आज ही मोजपट्टी ५.० पासून ५.१५ पर्यंत जाते. त्यामुळे ५.६ हा आकडा नवख्या आरोहकाला दिलासा देणारा वाटतो. तथापि ही श्रेणी मार्गातील सर्वांत अवघड हालचालीची असते. एकूण दिवसाची नसते. दिवसाचा अंदाज देण्यासाठी त्याच पद्धतीत रोमन अंकांचा वेगळा दर्जा असतो, आणि सोलर स्लॅबचा तो तिसरा, म्हणजे दिवसाचा बराचसा भाग खाणारा, असा आहे. मार्गदर्शक पुस्तिकेत श्रेणी ठळक छापलेली असते व दर्जा कोपऱ्यात, म्हणून वाचणाऱ्याचे लक्ष चुकीच्या आकड्यावर खिळते. वस्तुतः या मार्गावर संकट येते ते हालचाल न जमल्याने क्वचितच. उजेड, पाणी, पाऊस आणि उतरताना अडकणारा दोर या चार गोष्टींचा हिशेब फसल्याने मात्र ते सहज येऊ शकते.

प्रथम खडकाविषयी. येथील लालसर-पिवळा दगड अ‍ॅझटेक वालुकाश्म या नावाने ओळखला जातो. ज्युरासिक काळात, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी, या प्रदेशात वाळूच्या टेकड्या पसरलेल्या होत्या. त्या एकमेकींखाली गाडल्या जाऊन, वाळूचे कण कॅल्साइट, सिलिका, लोहाची संयुगे आणि चिकणमाती यांनी सांधले जाऊन हा खडक तयार झाला. वाऱ्याने वाळूचे थर ज्या तिरक्या दिशांनी रचले त्या तिरक्या रेषा आजही कातळावर स्पष्ट दिसतात आणि अनेक ठिकाणी त्याच पाय ठेवायला कंगोरे पुरवतात. कातळाच्या बऱ्याच भागावर काळपट तपकिरी थर असतो. वाळवंटातील उघड्या दगडावर दीर्घ काळात चिकणमातीसह मँगनीज व लोह यांची ऑक्साइडे साचून तो तयार होतो आणि त्याला वाळवंटी लेप म्हणता येईल. आरोहकाच्या दृष्टीने हा लेप फार महत्त्वाचा, कारण लेपाखालचा पृष्ठभाग सहसा घट्ट, कडक आणि भरवशाचा असतो, तर लेप नसलेला पांढुरका दगड हाताखाली वाळू सोडतो आणि त्यावरचे पातळ पापुद्रे भार येताच सुटू शकतात. कोणत्याही पापुद्र्यावर भार टाकण्यापूर्वी तो हलकेच ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला तर त्याला बाजूला ओढू नये, केवळ खाली दाबून वापरावा, आणि शक्य असल्यास तो टाळावाच.

याच रचनेतून पावसाचा नियम निघतो आणि तो सह्याद्रीत चढाई शिकलेल्या मराठी आरोहकाने विशेष लक्षात घ्यायला हवा. बेसाल्ट हा लाव्हा थिजून झालेला स्फटिकमय खडक असल्याने पाऊस थांबून पृष्ठभाग सुकला की, शेवाळ नसेल तर, चढाईस अडचण राहत नाही. वालुकाश्माची गोष्ट निराळी आहे. तो पाणी आत शोषून घेतो, कण जोडणारा चिकणमातीचा व क्षारांचा सांधा मऊ पडतो, आणि वरून कोरडा दिसणारा कातळ आतून दुबळाच राहतो. अशा वेळी हाताला धरलेला कंगोरा तुटतो, भेगेत बसवलेले साधन दगड चिरडत बाहेर येते, आणि शतकानुशतके टिकलेला आधार पुढच्या सर्वांसाठी कायमचा नाहीसा होतो. म्हणून पावसानंतर किमान २४ तास, आणि पाऊस जोराचा किंवा लांबलेला असल्यास ७२ तासांपर्यंत, या खडकावर चढू नये असा स्थानिक संकेत आहे. साधी कसोटी अशी की कातळाच्या पायथ्याची माती बोटभर उकरून पाहावी. ती ओलसर लागली तर कातळही ओला आहे असे समजावे. विमानाचे तिकीट काढून दूरवरून आलेल्याला हा नियम जाचक वाटतो हे खरे, परंतु परिसराच्या जवळच चुनखडकाचे कडे आहेत आणि ते लवकर वाळतात. पावसानंतरच्या दिवसांसाठी तसा पर्याय आधीच हेरून ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग होय.

ऋतूची निवड मार्गाच्या नावातच सुचवलेली आहे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या या कातळावर दिवसभर ऊन असते, त्यामुळे उन्हाळ्यात, जेव्हा लास वेगासचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, तेव्हा येथे चढणे हा अविचार ठरतो. शिवाय जुलै ते सप्टेंबर या काळात गडगडाटी पावसाच्या सरी येतात आणि कोरड्या घळींतून अचानक पाण्याचे लोंढे उतरतात. उलट हिवाळ्यात, शेजारच्या उत्तराभिमुख भिंती बर्फगार असताना, सोलर स्लॅबवर उबदार उन्हात चढता येते. पण हिवाळ्यात दिवस लहान असतो. २१ डिसेंबरच्या सुमारास येथे सूर्योदय ६.५० च्या आसपास व सूर्यास्त ४.३० ला होतो, म्हणजे हाती जेमतेम नऊ तास चाळीस मिनिटे उरतात. आता सोलर स्लॅबच्या नऊ पिचांत मार्गाच्या पायथ्यापर्यंत नेणाऱ्या घळीतली पाच पिच मिळवली की चौदा पिच होतात. एका पिचला चाळीस मिनिटे लागली, आणि नवख्या जोडीला तेवढी सहज लागतात, तर केवळ चढण्यातच नऊ तास वीस मिनिटे जातात. चालत जाण्याचा तास आणि उतरण्याचे तीन-चार तास यांना जागाच राहत नाही. हाच वेळ पिचमागे पंचवीस मिनिटांवर आणला तर चढाई सहा तासांच्या आत आटोपते. मार्चच्या आरंभी दिवस साडेअकरा तासांच्या जवळ जातो, तेव्हा साडेसहाला गाडीपासून निघालेली, पंचवीस मिनिटांच्या गतीने चढणारी जोडी दुपारी दीड-दोनपर्यंत वर पोहोचून उजेडात खाली येऊ शकते. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याने डिसेंबर-जानेवारीपेक्षा फेब्रुवारीचा उत्तरार्ध, मार्च किंवा ऑक्टोबरची अखेर निवडावी.

या हिशेबात प्रशासकीय बाबही येते. रेड रॉक कॅन्यनची व्यवस्था अमेरिकेचा संघीय भूव्यवस्थापन विभाग पाहतो. ओक क्रीककडे जाण्याचा सोयीचा वाहनतळ सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या एकमार्गी निसर्गरस्त्याच्या अखेरच्या भागात आहे; ऑक्टोबर ते मे या काळात त्या रस्त्यावर दिवसा प्रवेशासाठी आगाऊ वेळ राखून ठेवावी लागते, आणि रस्त्याचे फाटक सकाळी ठरलेल्या वेळी उघडते व संध्याकाळी, हिवाळ्यात तर पाच वाजताच, बंद होते. लांब मार्गांवर जाणाऱ्यांसाठी उशिरा बाहेर पडण्याचा वेगळा परवाना मिळतो आणि तो आदल्या दिवशीच घेऊन ठेवावा, कारण फाटक बंद होईल या धास्तीने घाईत केलेले रॅपलिंग, म्हणजे दोरावरून खाली उतरणे, हे दंडापेक्षा फार महाग पडू शकते. रस्त्याबाहेरच्या हमरस्त्यावरून चालत जाण्याचाही एक पर्याय आहे; अंतर वाढते, पण फाटकाचे बंधन सुटते. वेळा व शुल्क बदलत असल्याने ते प्रत्येक वेळी नव्याने तपासावे.

पाण्याबाबत दुमत असण्याचे कारण नाही. कोरड्या हवेत घाम येताक्षणी वाळतो, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले याचा अंदाज घामाच्या धारांवरून लावण्याची सवय असलेला, दमट हवेत वाढलेला माणूस येथे हमखास फसतो. माणशी चार लिटर हे प्रमाण उबदार दिवसासाठी योग्य मानावे. एवढे वजन पाठीवर घेऊन स्लॅब चढणे त्रासाचे असल्याने, आणि उतरण्याची नेहमीची वाट चढाईच्याच वाटेने असल्याने, निम्मे पाणी व चालण्याचे बूट घळीच्या माथ्यावरील रुंद टप्प्यावर ठेवावेत. मात्र खाद्यपदार्थ तेथे सोडू नयेत, कारण खारी पिशव्या कुरतडतात. वाऱ्यापासून राखणारे पातळ जाकीट आणि प्रत्येकाचा स्वतंत्र डोक्यावरचा दिवा हे दुपारी कितीही अनावश्यक वाटले तरी वर नेलेच पाहिजेत. सूर्य मावळताच येथील हवा झपाट्याने थंड होते. जोडीत एकच दिवा असणे म्हणजे एकाने अंधारात रॅपल करणे होय.

चढाईची सुरुवात सोलर स्लॅबच्या घळीतून होते. सह्याद्रीतील नाळेशी परिचित असलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल: दोन कातळांमधली अरुंद, पायऱ्यापायऱ्यांची वाट, मध्ये काही अडकलेले धोंडे, आणि कठीणपणा ५.३ च्या आसपास. घळीच्या शेजारून जॉनी व्हेगास नावाचा, ५.७ च्या जवळपासचा, अधिक उघडा आणि अधिक देखणा मार्गही त्याच टप्प्यावर पोहोचतो. परंतु तो लोकप्रिय असल्याने सुटीच्या दिवशी तेथे रांग लागते, आणि तेथे गेलेला तास दिवसाच्या शेवटी परत मिळत नाही. घळीत पुढच्या जोडीच्या पायाखालून सुटलेले दगड थेट खालच्यांवर येतात, म्हणून हेल्मेट चढाईच्या पायथ्याशी नव्हे, तर त्याआधीच घालावे. घळीच्या माथ्यावर झाडे असलेला रुंद टप्पा लागतो. तेथे घड्याळ पाहून निर्णय करावा. अकरा वाजून गेले असतील तर शेवटपर्यंत जाण्याचा विचार सोडून वरची तीन-चार पिच चढून परत फिरावे. मार्गाचा आनंद त्या पिचांतही पुरेपूर मिळतो, आणि थांब्यांवरून उतरता येत असल्याने अर्ध्यावरून परतणे येथे अन्य अनेक लांब मार्गांपेक्षा सोपे आहे.

आता प्रत्यक्ष हालचालीविषयी. स्लॅबवर बुटाचा तळवा आणि दगड यांच्यातील घर्षण हाच मुख्य आधार असतो आणि घर्षण पायावर कातळाच्या दिशेने किती भार येतो यावर अवलंबून असते. दृष्टिभय वाटू लागले की माणूस नकळत कातळाला बिलगतो. त्यामुळे भार पायांवरून बाहेरच्या दिशेने ढकलला जातो आणि पाय सटकतात. म्हणून कंबर कातळापासून थोडी दूर, शरीर पायांवर सरळ, टाचा खाली आणि पावले आखूड ठेवावीत. हात डोक्याच्या वर ताणण्याऐवजी छातीच्या खाली दाबण्यासाठी वापरावेत. पाय ठेवल्यावर तो पुन्हापुन्हा हलवून पाहण्याची सवय सोडावी, कारण प्रत्येक हालचालीत खालचे कण गोट्यांसारखे लोळू लागतात. वाळवंटातील खास गोष्ट म्हणजे बुटाला लागलेली वाळू: थांब्यावरून निघताना दोन्ही तळवे पोटरीवर किंवा हाताने पुसले नाहीत तर उत्तम रबरही निकामी ठरते. उन्हाने दगड तापला की रबर मऊ होते आणि पकड कमी भासते, तेव्हा नाजूक हालचाली सकाळच्या वाट्याला याव्यात अशी आखणी चांगली. सोलर स्लॅबवर शुद्ध घर्षणाची चढाई मात्र थोडीच आहे. बहुतेक पिच भेगांच्या आधाराने जातात, आणि बोटे किंवा पंजा भेगेत घालून फिरवून अडकवण्याचे तंत्र, म्हणजे जॅमिंग, ज्याने अंगवळणी पाडलेले आहे त्याचा वेग दुप्पट होतो.

सुरक्षेची साधने लीडरने, म्हणजे पुढे चढणाऱ्याने, स्वतःच बसवायची असतात. वाटेत ठोकलेले बोल्ट फार थोडे आहेत, ते मुख्यतः थांब्यांवर आढळतात, आणि हा परिसर २००२ पासून कायद्याने वन्यक्षेत्र म्हणून राखलेला असल्याने तेथे यांत्रिक ड्रिल वापरण्यास बंदी आहे. मेखा आणि बोल्ट यांवर विसंबण्याची सवय असलेल्याने या मार्गापूर्वी सोप्या जागी भेगेत साधने बसवण्याचा पुरेसा सराव केलेला असावा. नट म्हणजे तारेच्या टोकाचा निमुळता धातूचा ठोकळा. तो भेगेच्या अरुंद होत जाणाऱ्या भागात अडकवतात. कॅम म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर उघडून भेगेच्या दोन्ही भिंतींना दाबून धरणाऱ्या वक्र पाळ्यांचे साधन. बोटभर रुंदीपासून सुमारे साडेसात सेंटिमीटरपर्यंतच्या कॅमचा एक संच, नटांचा एक संच आणि लांब करता येणारे दहा-बारा स्लिंग एवढे सामान सामान्यतः पुरते. मऊ वालुकाश्मात कॅमच्या पाळ्या दगडात रुतून थोड्या सरकतात, म्हणून तो भेगेच्या काठाशी न बसवता आत, कडक दगडावर बसवावा, आणि दोन आकार बसत असतील तर मोठा निवडावा. काही ठिकाणी दोन साधनांतले अंतर वाढते. शेवटच्या साधनापासून पाच मीटर वर गेलेला लीडर पडला तर दहा मीटर आणि त्यावर दोराच्या ताणाएवढा खाली येतो, हे गणित अशा जागी शिरण्यापूर्वी करावे. कमी कलाच्या कातळावर पडणे हवेतून होत नाही. शरीर घासत, कंगोऱ्यांवर आदळत येते आणि घोटा मोडतो. सोप्या श्रेणीच्या मार्गावर पडणे हे कठीण, ओव्हरहँग असलेल्या मार्गावर पडण्यापेक्षा अधिक घातक असते ते याच कारणाने.

वेळ वाचतो तो थांब्यांवर. चढणारा जलद असूनही दोन पिचांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटे दोर सोडवण्यात, साधने एकमेकांना देण्यात आणि पाणी पिण्यात जातात. जोडीदारांनी आलटूनपालटून लीड केल्यास मागून आलेला तसाच पुढे जातो आणि थांबा बदलावा लागत नाही. दरीत वारा सुटला की साठ मीटर दोराच्या टोकाची हाक ऐकू येत नाही, तेव्हा दोराच्या झटक्यांच्या खुणा जमिनीवरच ठरवून घ्याव्यात. अर्थ स्पष्ट न झाल्यास बिले, म्हणजे दोर धरून जोडीदाराला सुरक्षित ठेवण्याचे काम, कधीही सोडू नये.

उतरणे हा या दिवसाचा सर्वांत नाजूक भाग आहे. माथ्यापर्यंत जाऊन पेन्टेड बोल नावाच्या उतारावरून, दगडांच्या छोट्या रचींचा माग काढत ओक क्रीकमध्ये चालत उतरता येते. वाट लांब आहे, ओळखायला कठीण आहे आणि प्रथमच जाणाऱ्याने ती अंधारात शोधू नये. म्हणून बहुतेक जोड्या मार्गावरूनच रॅपल करतात आणि त्यासाठी साठ मीटरचे दोन दोर सोयीचे पडतात. दोर सरळ भिंतीवरून खाली ओढला तर सहज येतो, पण येथे कातळ पायऱ्यांचा, भेगांचा आणि गाठीगाठींचा असल्याने दोराचे टोक झटक्यात भेगेत शिरून बसते. यावर उपाय आहेत. पूर्ण दोराच्या लांबीचे रॅपल करण्यापेक्षा मधल्या थांब्यांचा उपयोग करून ते आखूड ठेवावेत. दोन दोर जोडताना काठावरून घसरत येणारी साधी ओव्हरहँड गाठ वापरून तिची शेपटे हातभर ठेवावीत. वारा असल्यास दोर खाली फेकण्याऐवजी वेटोळी करून हार्नेसला दोन्ही बाजूंनी टांगावी आणि उतरता उतरता सोडत जावे. दोराच्या दोन्ही टोकांना गाठ मारणे आणि रॅपलच्या साधनाखाली प्रुसिक किंवा तत्सम अडवणारी गाठ घालणे यांत सूट नाही. पहिल्याने खालच्या थांब्यावर पोहोचताच दोर थोडा ओढून तो सरकतो की नाही हे पाहावे, कारण वरचा साथीदार अजून तेथेच असताना गाठ दुसरीकडे सरकवता येते. दोघेही खाली आल्यावर ती संधी जाते. आणि दोर ओढण्यापूर्वी टोकाची गाठ सोडली आहे ना, हे एकमेकांना मोठ्याने विचारावे.

इतके करूनही दोर अडकला तर प्रथम ओढण्याची दिशा बदलावी, बाजूला सरकून दोराला लाट द्यावी. दोराची दोन्ही टोके हातात असतील तर प्रुसिकने त्यावर वर चढून जाणे शक्य असते. एकच टोक हातात असेल तर दोराचे दुसरे अंग कोठे, किती घट्ट अडकले आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि त्या दोरावर भार टाकून वर जाणे हा जिवाशी खेळ आहे. अशा वेळी हाती असलेल्या दोराच्या लांबीवर बिले घेऊन पुन्हा लीड करत वर जावे किंवा तेवढ्या दोरावर जमेल तेवढे उतरून बाकीचा सोडून द्यावा. अंधार पडला असेल, दोघे थकले असतील आणि टप्पा रुंद असेल, तर तेथेच स्वतःला अँकरला बांधून, जाकिटे घालून, उरलेले पाणी जपून पीत पहाटेची वाट पाहणे हा पर्याय पूर्णपणे सन्मान्य आहे. दरीत मोबाइलची रेंज भरवशाची नसते, म्हणून मार्गाचे नाव, गाडीची जागा आणि परतण्याची वेळ शहरातील कोणाला तरी लेखी सांगून ठेवावी. दुखापत झाली आणि ९११ वर संपर्क झाला तर लास वेगास महानगर पोलिसांचे शोध व बचाव पथक येते, परंतु रात्री व वाऱ्यात त्यांनाही वेळ लागतो. दुखापत नसेल आणि केवळ उशीर झाला असेल, तर बाहेर वाट पाहणाऱ्याने मदत किती वाजता मागवायची ती वेळ आधीच ठरलेली असावी, आणि ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या आत नसावी.